खाडी पोहून आलेला कोल्हा

तारोडीहून भाईंदरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये व्हेरा बोर्जिसच्या शेजारची जागा बहुतेक रिकामीच राहायची. बस भरलेली असली तरी. व्हेरा तशी नीटनेटकी, कपड्यांना इस्त्री, केस घट्ट बांधलेले. पण तिच्या मांडीवरच्या निळ्या डब्यात काय असतं हे तारोडीपासून मुर्ध्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात कोल्ह्याची विष्ठा असायची. प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत, सोबत चपलांच्या खोक्यात मिळते तसली ओलावा शोषणारी पुडी, आणि वर तारीख, ठिकाण, नंबर. वास अजिबात येत नसे. पण आत काय आहे ते कळल्यावर वास येतो की नाही याला फारसा अर्थ राहत नाही.

"आज किती?" कंडक्टर तिकीट फाडता फाडता विचारायचा.

"सात."

"सीझन चांगला हाय म्हणजे."

व्हेरा हसायची आणि डबा थोडा जवळ ओढून घ्यायची. तिच्या ओळखपत्रावर 'जनुकशास्त्रज्ञ, वन्यजीव संवर्धन' असं लिहिलेलं होतं. गावात ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. गावात ती 'रॉकची शीवाली पोरगी'. चौतिसाव्या वर्षी, पीएचडी झाल्यावर मिळालेल्या या पदवीचं तिला काही वाटत नसे. तिच्या आईला, एल्साला, मात्र फार वाटायचं.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट. विष्ठेच्या वरच्या पातळ थराला जनावराच्या आतड्यातल्या काही पेशी चिकटून येतात. त्या पेशींतला डीएनए वेगळा काढला की जनावराला न पकडता, न दुखवता, त्याची ओळख पटते. नर की मादी, कुणाचा बाप, कुणाची बहीण, सगळं. गावातल्या लोकांना ती सांगायची, "कोल्ह्याचं आधार कार्ड असतं त्यात. फक्त ते वाचायला मशीन लागतं."

ती या कामात आली ती अगदी वाकड्या वाटेनं. एमएस्सी झाल्यावर तिला मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमधल्या एका तपासणी लॅबमध्ये नोकरी लागली. लोकांच्या रक्तातून आनुवंशिक आजार शोधायचे. काम चांगलं होतं, एसी होता, शनिवारी अर्धा दिवस. तीन वर्षं तिनं ते मन लावून केलं. मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं मोबाईलवर एक जाहिरात पाहिली. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेला प्राण्यांच्या डीएनएवर काम करणारी प्रकल्प सहायक हवी होती. पगार निम्मा. तिनं अर्ज केला आणि घरी सांगितलं, "वाघांवर काम करायचंय."

एल्सा घाबरली. डॅडींनी, म्हणजे रॉकने, शांतपणे विचारलं, "पिंजऱ्याच्या आत की बाहेर?"

दोन्ही नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर मनोरमा यांनी तिच्या हातात एक चिमटा दिला आणि कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट दाखवलं. जंगलातून आलेले वाघाच्या विष्ठेचे तीनशे नमुने होते. व्हेराने त्यातला पहिला उघडला, त्यात हरणाच्या खुराचा एक छोटासा तुकडा होता. तो तिनं उजेडात धरून इतका वेळ न्याहाळला की मनोरमा मॅडम म्हणाल्या, "तू टिकशील."

ती टिकली. पीएचडी तिथेच झाली. मग पुढचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांनी बिबट्या मागितला, हत्ती मागितला, एकाने हिमबिबट्या मागितला.

"तुला काय हवंय?" मॅडमनी विचारलं.

"कोल्हा."

"कुठला?"

"आमच्या घरामागचा."

हे खरं होतं. तारोडीतलं बोर्जिसांचं घर, त्यामागे डॅडींची वांग्यांची आणि मुळ्याची वाडी, त्यापलीकडे मिठागरांचे बांध आणि मग तिवरांचं रान. तिथून कोल्हे ओरडायचे आणि मम्मी म्हणायची, "कोंबड्या झाकल्या का रे?" कोल्ह्यांचा हिशेब तेवढाच. ते किती आहेत, कुठून आले, त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलंय, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाढत आलेल्या इमारती, उत्तरेला रुंद खाडी. मधल्या हिरव्या पट्ट्यात हे जनावर अडकून पडलंय की अजून कुठून येऊन-जाऊन आहे, एवढंच व्हेराला शोधायचं होतं.

वनखात्याची परवानगी आली आणि काम सुरू झालं. सकाळी साडेसहाला ती बांधावर. पहिल्या आठवड्यात तिला चार नमुने मिळाले. मग डॅडींनी हे काम हातात घेतलं. रॉक भाईंदरच्या स्टील भांड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होता. निवृत्त झाल्यापासून वाडीतली वांगी सोडली तर त्याला तपासायला काही उरलं नव्हतं. तो पहाटे चक्कर मारायचा आणि जिथं काही दिसेल तिथं लाल चिंधी बांधलेली काठी रोवून यायचा. आठवड्याभरात बांधावर लाल झेंड्यांची रांग लागली.

"डॅडी, हे कुत्र्याचं आहे."

"कशावरून?"

"यात बिस्किट आहे."

पुढच्या महिन्यात मात्र रॉकचे दहापैकी नऊ अंदाज बरोबर यायला लागले. खेकड्याच्या कवचाचे तुकडे, बोराच्या बिया, उंदराचे केस असले की कोल्हा. तो हे बसस्टॉपवर उभ्या माणसांना सांगायचा आणि एल्सा डोक्यावर पदर घेऊन लांब जाऊन उभी राहायची.

मग एक दिवस व्हेरा अंगणात नमुने भरत बसली होती. एल्सा मागून भांडी घासायला निघाली ती थबकली. वाकली. नाकाला पदर लावून अजून खाली वाकली.

"ही माझी तांबडी!"

"काय?"

"पीस बघ ना! मानेचं हाय. तांबड्यात काळी कड. अशी कोंबडी अख्ख्या तारोडीत माझीच होती. नाताळाच्या आधी गेली. मी त्या शेजारणीवर आळ घेतला गो!"

ती तशीच उठली आणि शेजारणीकडे गेली. तासाभराने दोघी हसत परत आल्या, आणि शेजारीण म्हणाली की तिचंही एक बदक बेपत्ता आहे, तेवढं बघून ठेव. त्या दिवसापासून एल्सा या कामाला नावं ठेवेनाशी झाली. कोल्ह्यांना ठेवायची, ते वेगळं.

हिवाळा संपेपर्यंत एकशे चाळीस पिशव्या भरल्या. इथल्या दमट हवेत डीएनए लवकर नासतो, त्यामुळे निम्म्याहून जास्त नमुन्यांतून काही निघालं नाही. पण एकसष्ट नमुने बोलले, आणि त्यांतून बारा कोल्हे समोर आले. बारा! व्हेराने त्यांना नंबर दिले आणि त्यांची नाती मांडायला घेतली. चित्र फारसं आनंदाचं नव्हतं. आठ जण एकमेकांचे इतके जवळचे होते की सगळं गोकुळ एकाच आईचं म्हणावं. बाहेरचं रक्त येत नसेल तर अशी कुटुंबं पिढी-दोन पिढ्यांत कमकुवत होत जातात. व्हेरा दोन दिवस तेच आकडे पुन्हा पुन्हा तपासत राहिली.

तिसऱ्या दिवशी तिचं नऊ नंबरकडे नीट लक्ष गेलं.

नऊ नंबर नर होता, आणि तो त्या आठांपैकी कुणाचाच कुणी लागत नव्हता. उलट दहा, अकरा आणि बारा ही तीन पिल्लं निम्मी त्याची होती. आणि त्याच्या खुणा जुळत होत्या संचिताच्या कोल्ह्यांशी. संचिता तिची लॅबमधली जोडीदार. ती खाडीच्या पलीकडे, नायगावच्या बाजूला हेच काम करत होती. नऊ नंबर तिच्या दोन कोल्ह्यांचा सख्खा भाऊ दिसत होता.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दोघींच्या मनात एकच गोष्ट आली आणि दोघींचे चेहरे पडले. दोघींनी एकाच टेबलावर, एकाच आठवड्यात काम केलं होतं. पलीकडच्या नमुन्याचा एखादा थेंब इकडे मिसळला असेल तरीही असंच दिसणार.

मनोरमा मॅडमनी आकडे पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. "खूप छान बातमी आली की आधी स्वतःवर संशय घ्यायचा. पुन्हा करा. टेबल वेगळं, खोली वेगळी."

पुन्हा केलं. तेच आलं. तिसऱ्यांदा संचिताला रजा देऊन केलं. तेच आलं. तरी मॅडम म्हणाल्या, "पिशवीच खराब असेल तर शंभर वेळा करूनही तेच येणार. ताजा नमुना आण."

नऊ नंबरचे सगळे नमुने मोर्व्याच्या जुन्या मिठागराच्या बांधावर मिळाले होते. व्हेरा आणि डॅडी सलग अकरा सकाळ तिथं गेले. बाराव्या दिवशी एक ताजा नमुना मिळाला. त्याची पिशवी नवी, चिमटा नवा, हातमोजे नवे. निकाल आला त्या दिवशी व्हेराने लॅबमध्ये खुर्चीवरून उठून दोनदा गोल फेरी मारली. नऊ नंबर खरा होता.

आता प्रश्न एकच. तो आला कसा? मधे अर्धा-पाऊण किलोमीटर पाणी. रेल्वेच्या पुलावरून म्हणावं तर गाड्यांची वर्दळ. कोणी पकडून आणून सोडला म्हणावं तर कोण कशाला आणेल? "पोहून आला असं लिहायला पुरावा लागतो," मॅडम म्हणाल्या. "एखाद्याने तरी बघायला हवं होतं."

घरी जेवताना व्हेरा हे बोलून गेली. एल्सा भाईंदरच्या बाजारात आठवड्यातून तीन दिवस भाजी विकायला बसायची. तिनं मासळीच्या कालवणात पोळी बुडवली आणि सहज म्हणाली, "मग त्या कोल्होबाला विचार ना."

"कोण कोल्होबा?"

"सत्यवतीचा नवरा. सत्यवती माझ्या बाजूला मासळी घेऊन बसते ना, तिचा. रामनाथ. त्यानं म्हणे खाडीत कोल्हा पोहताना बघितला. दीड-दोन वर्षं झाली असतील. सगळं बंदर हसतंय त्याला."

व्हेराच्या हातातला घास तसाच राहिला. "मम्मी, हे तू मला आत्ता सांगतेयस?"

"तू कधी विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी व्हेरा जुन्या भाईंदरात रामनाथच्या घरी पोचली. साठीचा, काटक, पांढऱ्या मिशांचा माणूस ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. तिनं विषय काढला आणि त्याच्या कपाळावर आठी आली.

"कोणी पाठवलं तुला? गुणवंतनं?"

गुणवंतभाई म्हणजे बंदरावरचा चहावाला. कोल्होबा हे नाव त्यानेच ठेवलं होतं. रामनाथ होडी लावून आला की तो ओरडायचा, "आओ कोल्होबा! आज अंगूर खाये की खट्टे थे?" मग सगळे हसायचे. रामनाथने हळूहळू तिथं चहा प्यायलाच जाणं बंद केलं होतं.

"कोणी नाही पाठवलं, काका. मी कोल्ह्यांवर काम करते."

"म्हंजे काय करते?"

"त्यांची शी गोळा करून तपासते."

रामनाथने जाळ्यावरून नजर उचलली. आपल्यापेक्षाही ज्याचं जास्त हसं होत असेल असं माणूस त्याला बहुतेक पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यानं सुई बाजूला ठेवली आणि घरात बघून हाक मारली, "सत्यवती, चहा टाक."

मग त्यानं सांगितलं. मार्गशीर्षातली अष्टमी होती, भांगाचं, म्हणजे कमी ओढीचं पाणी. सकाळचं धुकं उठत होतं. तो खाडीतल्या, नायगावच्या बाजूच्या पाणजू बेटाच्या कडेनं होडी घेऊन येत होता. बेटाच्या टोकाला चिखलात काहीतरी बसलेलं दिसलं.

"मला वाटलं कुत्रा. पाण्याकडं बघत बसलेला, बसची वाट बघावी तसा. मग पाणी थांबलं आणि तो उतरला. मधे आला तवा शेपूट बघितली. ती कुत्र्याची न्हाय. मी होडी थांबवली. तो माझ्या पुढनं गेला, इथनं त्या खांबाएवढा लांब. मान वर, कान वर. इकडच्या तिवरात चढला, अंग झाडलं आणि माझ्याकडं बघितलं."

"अष्टमी नक्की?"

"अगो, भांग होता म्हणून तर आला! पुनवेला, अवसेला उधाण असतं. तवा उतरला असता तर ओहोटीनं ओढून उत्तनच्या पुढं टाकला असता. अष्टमीला पाणी सुस्त. भरती-ओहोटीच्या मधे घडीभर उभं राहतं. तेवढ्यात पार झाला."

"पण त्याला काय माहीत अष्टमी?"

"त्याला अष्टमी न्हाय माहीत. पाणी माहीत हाय. म्हणून तर बसला होता."

व्हेरा वहीत भराभर लिहून घेत होती. जनुकशास्त्राच्या कुठल्याच वर्गात तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तिनं विचारलं, "अजून काही आठवतंय?"

"डावा कान. फाटलेला होता. चिंधीसारखा."

व्हेराने ते लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. तिनं त्याला काही वचन दिलं नाही. पण मोर्व्याच्या बांधावर तिनं परवानगी काढून तीन कॅमेरे लावले. समोरून काही हललं की आपोआप फोटो काढणारे. पाच आठवड्यांत चार हजारांवर फोटो जमले. त्यांत बकऱ्या होत्या, कुत्रे होते, कॅमेऱ्यात डोळा घालून बघणारा बगळा होता, दात घासत जाणारा एक माणूस होता, आणि दोनशे फोटो डॅडींचे होते. डॅडींना कॅमेरा कुठे आहे हे माहीत होतं, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच फोटोंत ते केस नीट करून उभे होते. कोल्हे होते, पण पाठमोरे, अर्धे, धूसर.

सदतिसाव्या दिवशी उजाडताना तो आला. समोरून, सावकाश, जणू फोटोसाठीच. उजवा कान ताठ. डावा फाटलेला, दोन चिंध्या लोंबाव्यात तसा. पुढच्या फोटोत तो वळून पाठ करून बसला होता, आणि त्याच्या पुढच्यात, तो निघून गेल्यावर, बांधावर व्हेराला हवी ती वस्तू पडलेली होती. तासाभराने डॅडींचा लाल झेंडा तिथं लागला. तो नमुना नऊ नंबरचाच निघाला.

व्हेरा फोटो मोठा छापून घेऊन रामनाथकडे गेली. आधी सत्यवतीने बघितला.

"बघा! मी म्हणत होते ना!"

"तू कधी म्हणत होतीस?" रामनाथ म्हणाला. "तू पण हसत होतीस."

"मी हसत होते ते प्रेमानं."

रामनाथने आत जाऊन चष्मा आणला, धोतराच्या टोकानं पुसला आणि फोटो उंबऱ्यातल्या उजेडात धरला. मग म्हणाला, "जरा अंगानं भरलाय."

"तोच आहे ना?"

"तोच. बरं चाललंय त्याचं." आणि मग त्यानं तोंड फिरवून मिशीवरून हात फिरवला, दोनदा.

व्हेरा त्याला घेऊन बंदरावर गेली. जायला तो तयार नव्हता, पण सत्यवतीने पायताणं त्याच्यासमोर आणून ठेवली. गुणवंतभाईंच्या टपरीवर नेहमीची सात-आठ माणसं होती. रामनाथला बघून एकाने तोंड उघडलं, तेवढ्यात व्हेराने फोटो काउंटरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. पलीकडचे भाऊबंद, इकडची तीन पिल्लं, कान, अष्टमी. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. मधेच कोणीतरी विचारलं की शीमधून एवढं सगळं कसं कळतं, आणि त्याला गुणवंतभाईंनीच गप्प केलं.

"तो ये सच्ची बात थी?"

"सच्ची, भाई. मशीनमें तीन बार आया."

गुणवंतभाई फोटोकडे बघत राहिले. हातातलं फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं, टपरीच्या बाहेर आले आणि रामनाथसमोर उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, माफी मागणार. त्यांनी कान पकडले आणि म्हणाले, "रामनाथभाई, मैंने मजाक किया, मेरी गलती. लेकिन नाम अच्छा रखा था, ये तो मानो."

रामनाथला हसू आवरेना. दीड वर्षांनी त्यानं तिथं चहा घेतला. आता त्याला कोल्होबा म्हटलं की तो ओ देतो. बाहेरचं कुणी बंदरावर आलं की गुणवंतभाई स्वतःच ती गोष्ट सांगतात, आणि प्रत्येक वेळी खाडी थोडी रुंद होते.

शोधनिबंध लिहायची वेळ आली तेव्हा रामनाथचं नाव शेवटी आभारात घालावं असं व्हेराने सुचवलं. मनोरमा मॅडम म्हणाल्या, "आभार कसले? ज्यानं पाहिलं, ज्यानं पाण्याचं गणित सांगितलं, तो लेखक." फॉर्ममध्ये प्रत्येक लेखकाची संस्था लिहावी लागते. व्हेराने बराच विचार करून लिहिलं: स्वतंत्र निरीक्षक, जुनं भाईंदर.

रामनाथने तो शब्द दोनदा वाचला. "निरीक्षक म्हंजे इन्स्पेक्टर ना?"

"तसंच काहीसं."

दुसऱ्या दिवशी एल्सा बाजारातून आली ती हसतच. सत्यवतीने अख्ख्या बाजाराला सांगितलं होतं की नवरा साठाव्या वर्षी इन्स्पेक्टर झाला.

निबंध छापून आल्यावर काही जगबुडी झाली नाही. पण काही गोष्टी झाल्या. खाडीकाठच्या एका सोसायटीचे दोन मोठे दिवे रात्रभर थेट तिवरांवर पडायचे. व्हेरा आणि रामनाथ दोघं जाऊन बोलले आणि चेअरमननी ते जमिनीकडे वळवून घेतले. वनखात्याने पाणजूच्या टोकाची आणि दोन्ही काठांची तिवरं 'येण्याजाण्याची वाट' म्हणून आपल्या नकाशावर टिपून घेतली. बसमध्ये व्हेराच्या शेजारी आता कधी कधी शाळेतली मुलं बसतात आणि डबा उघडून दाखवायचा आग्रह धरतात. ती दाखवते. कंडक्टर मात्र म्हणतो, "गाडी थांबल्यावर."

या हिवाळ्यात रामनाथ दर अष्टमीला होडी घेऊन पाणजूच्या कडेला जाऊन थांबतो. अजून दुसरा कोल्हा दिसलेला नाही. त्याला घाई नाही. एकदा व्हेराही गेली होती. दोघं तासभर बसून राहिले, पाणी थांबलेलं बघितलं आणि पुन्हा वाहायला लागलेलं बघितलं. येताना त्यानं तिला वल्हं मारायला शिकवलं. होडी तीनदा जागच्या जागी फिरली.

आणि गेल्या महिन्यात, एका दुपारी, संचिताचा फोन आला. तिचा आवाज चढलेला होता. पलीकडे, नायगावच्या तिवरांत तिला एका मादीचा नमुना मिळाला होता. वेगळ्या टेबलावर, वेगळ्या खोलीत, तीनदा करून झालं होतं. ती व्हेराची अकरा नंबर होती. नऊ नंबरची लेक, मोर्व्याच्या बांधावर जन्मलेली.

व्हेरा त्या दिवशी लवकर घरी आली. डॅडी वाडीत मुळा उपटत होते, मम्मी ओट्यावर जुड्या बांधत होती. व्हेराने चपला न काढताच सांगितलं.

एल्सा जुडीला दोऱ्याची गाठ मारत म्हणाली, "म्हणजे बापाच्या गावाला गेली."

"हो, मम्मी. अगदी तसंच."

रॉकने हातातल्या मुळ्याची माती झटकली. खाडीच्या दिशेला त्यानं मान वळवली.

"पण तिला पत्ता कुणी दिला?" तो म्हणाला.

व्हेरा ओट्यावर मम्मीच्या बाजूला बसली, मुळ्याचा एक ढीग आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, "तेच आता शोधायचंय."